फ्रोडो दहा प्रकरणे गायब का होतो?

सप्रेम नमस्कार.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वरील माझ्या लेखावर आपण मनापासून आणि सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपला मुख्य आक्षेप असा, की दुष्ट सॉरॉनची अंगठी नष्ट करायला निघालेला फ्रोडो हा हॉबिट (बुटक्या जमातीतला) शत्रूच्या हाती सापडल्याचे सांगून लेखक टॉल्कीन त्याला तिथेच सोडतात, पुढची दहा प्रकरणे गोंडोर या माणसांच्या राज्याच्या युद्धाला देतात आणि तोवर वाचकाची ओढ ओसरते. त्याऐवजी दोन्ही कथानकांची प्रकरणे आलटून पालटून यायला हवी होती. हे मला पटत नाही.

कथानके एकत्र येणे म्हणजे शेवटी पात्रांची गाठ पडणे, असे आपण धरून चालला आहात. या कादंबरीत मात्र पात्रे शेकडो मैल दूर असतानाच कथानके एकमेकांत गुंतलेली असतात. ५ मार्चच्या रात्री फ्रोडोचा हॉबिट मित्र पिपिन पलांतीर या दूरचे दाखवणाऱ्या गोळ्यात डोकावतो आणि अंगठीवाला हॉबिट फितूर जादूगार सारुमानच्या कैदेत आहे, असा सॉरॉनचा समज होतो. दुसऱ्याच दिवशी गोंडोरच्या गादीचा वारस ॲरागॉर्न त्याच गोळ्यातून मुद्दाम सॉरॉनसमोर उभा राहतो, त्यामुळे सॉरॉन बिथरतो आणि ठरवलेल्या वेळेआधीच हल्ल्याचा हुकूम सोडतो. १० मार्चला मिनास मॉर्गुल या सॉरॉनच्या ठाण्यातून बाहेर पडणारे ते सैन्य फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम लपून पाहतात. हे सैन्य आजच का निघाले, याची त्यांना गंधवार्ता नसते. वाचकालाही ॲरागॉर्नची ती कृती त्यानंतरच्या भागातच कळते. प्रकरणे आलटून पालटून दिली असती, तर हा उलगडा आधीच होऊन बसला असता.

आता सॉरॉनच्या राज्याच्या काळ्या दरवाजासमोरचा, गोंडोरचे सैन्य तिथे येऊन ठाकते तेव्हाचा प्रसंग पाहा. सॉरॉनचा दूत सॅमची आखूड तलवार, एल्फांनी दिलेला करडा झगा आणि फ्रोडोचे मिथ्रिल या दुर्मीळ धातूचे चिलखत एकेक करून दाखवतो, आणि पिपिनच्या तोंडून किंकाळी बाहेर पडते. त्या क्षणी फ्रोडो पकडला गेला, एवढेच आपल्याला ठाऊक असते. सॅमने त्याला सोडवल्याची हकीकत अजून पुढे आहे. जादूगार गॅंडाल्फ दूताच्या अटी धुडकावतो तेव्हा तो नेमके काय पणाला लावतो आहे, हे आपल्याला जाणवते, कारण त्याच्याइतकेच आपणही अंधारात असतो. फ्रोडो सुटल्याचे आधीच वाचले असते, तर हा सारा प्रसंग केवळ एका खोट्याची उघड थाप ठरला असता. त्या दहा प्रकरणांच्या मौनाची किंमत इथे वसूल होते, असे मला ठामपणे वाटते.

तारखांचा मेळ आपण ‘सोयीस्कर योगायोग’ म्हटला आहे. मे १९४४ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात टॉल्कीन सांगतात, की कथेतला चंद्र एका मुलखात उगवत असतानाच दुसऱ्या मुलखात मावळत होता, आणि तेवढ्यासाठी त्यांनी मागची प्रकरणे दुरुस्त केली. इतकी काळजी घेणाऱ्या लेखकाने सैन्याच्या कूचाची तारीख सहज टाकली असेल, असे मला वाटत नाही.

आपण सुचवता ती पद्धत टॉल्कीन यांनी कादंबरीच्या सहा भागांपैकी तिसऱ्यात थोडीफार वापरलीही आहे. मेरी आणि पिपिन हे दोघे हॉबिट ओर्क या राक्षसी शिपायांच्या तावडीतून निसटल्याचे आपण आधी वाचतो, आणि मग ॲरागॉर्न फॅन्गॉर्नच्या जंगलाच्या कडेला सोनेरी पान, खाण्याचे कण आणि कापलेली दोरी यांवरून तेच ताडतो. त्याचा तर्क वाचायला सुरेख आहे; पण ते दोघे जिवंत आहेत हे आपल्याला ठाऊक असल्याने काळजी उरत नाही, आणि संपूर्ण कादंबरीत माझे लक्ष ढळते ते याच पानांवर.