कोकणातला गडी आणि लेहची हवा: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

चिपळूण-खेडपासून मालवणपर्यंतच्या ट्रेकिंग ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. 'कोकणातल्या गड्याला हिमालयाची भीती कसली?' असं त्याचं शीर्षक. मजकूर थोडक्यात असा: भर पावसात घाट चढणाऱ्याला वेगळी तयारी लागत नाही. मुंबईहून विमानाने थेट लेह गाठा, दुसऱ्या दिवशी लेहच्या वरची खार्दुंगला खिंड करा, सुट्टी वाचते. उंचीच्या आजारावरच्या डायमॉक्स गोळीने किडनी जाते, त्यापेक्षा कापराची पुरचुंडी आणि ऑक्सिजनचा कॅन जवळ ठेवा. काश्मीर-लडाखच्या बातम्या टीव्हीवाले फुगवतात, पावलापावलावर जवान आहेत, बिनधास्त जा. गाईड आणि विमा म्हणजे पैसे पाण्यात.

आमच्या भागातली पोरं मला हा मेसेज पाठवून विचारतात, 'काका, बरोबर आहे ना?' बरोबर नाही. यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा माणूस मारू शकतो, म्हणून एकेक घेऊन उत्तर देतो.

आधी स्टॅमिना. आपल्या पोरांचा दम खोटा नाही. जुलैच्या पावसात पाठीवर सामान घेऊन रसाळगड-सुमारगड-महिपतगड करणाऱ्याच्या पायांत ताकद असतेच. पण महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, कळसूबाई, १,६४६ मीटरचं. लेह शहर, म्हणजे जिथे ट्रेक सुरूही झालेला नसतो, ते सुमारे ३,५०० मीटरवर आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्क्यांच्या आसपासच असतं, पण हवेचा दाबच कमी झाल्याने प्रत्येक श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाइतका उरतो. साडेपाच हजार मीटरवर तो निम्मा होतो. त्याची सवय शरीर करून घेतं, श्वास वाढवून, किडनीतून रक्तातला क्षार बाहेर टाकून, पुढे तांबड्या पेशी वाढवून. या सगळ्याला दिवस लागतात, आणि मांड्या भक्कम असल्या म्हणून ते लवकर होत नाही. उलट दमदार माणूस भराभर वर जातो आणि डोकं दुखतंय हे सांगायला लाजतो, म्हणून त्याची काळजी जास्त.

एका ट्रेकवर आमच्यातला सगळ्यात दणकट पोरगा, कबड्डी खेळणारा, संध्याकाळी तंबूबाहेर बुटाची नाडी हातात धरून बसला होता. विचारलं तर म्हणाला, 'बांधतोय.' बऱ्याच वेळाने पाहिलं तर नाडी तशीच हातात. दुपारपासून डोकं दुखत होतं, जेवण नको म्हणाला होता, कुणाला बोलला नव्हता. त्याला टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तोल गेला. ही मेंदूवर सूज येत असल्याची खूण. सकाळपर्यंत वाट बघायची नसते. घोडेवाल्याला उठवलं आणि बॅटरीच्या उजेडात त्याला खालच्या मुक्कामावर उतरवलं. पहाटे त्याने स्वतःहून चहा मागितला. त्या रात्री त्याच्या स्टॅमिनाचा काही उपयोग नव्हता, उपयोग झाला तो खाली उतरण्याचा.

मेसेजमध्ये पुढे लिहिलंय, 'आपले जवान राहतातच ना तिथे?' राहतात, पण कसे ते बघा. १९६२च्या युद्धाच्या काळात सैनिकांना घाईघाईने विमानाने उंचीवर न्यावं लागलं आणि कित्येक जण लढाईआधीच आजारी पडले. लष्करी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास करून तो १९६९ साली प्रसिद्ध केला. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा दाखला देतात. हे सगळे तरुण, तपासून घेतलेले, कसलेले लोक होते. आजही लष्कराचा शिरस्ता असा आहे: ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, तिथून १५,००० फुटांपर्यंत चार दिवस आणि त्यावर जायचं तर आणखी चार. ज्या जवानाचं उदाहरण मेसेज देतो, त्यालाच दुसऱ्या दिवशी खार्दुंगलाला पाठवत नाहीत.

आता विमान. मुंबईत सकाळी समुद्रसपाटीला आणि दुपारी साडेतीन हजार मीटरवर, ही उडी शरीराला कळायलाच सहा ते बारा तास लागतात. म्हणून पहिल्या संध्याकाळी लोक लेहच्या बाजारात खुशाल हिंडतात आणि रात्री ओकाऱ्या काढतात. विमानाने जाऊ नये असं मी म्हणत नाही. गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्येच काढा, पहिला दिवस तर नुसता पडून. दारू नाही, झोपेची गोळी नाही. पुढे तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला आलात तर चालतं. हिशोब झोपण्याच्या जागेचा. खार्दुंगला ५,३५९ मीटर आहे. तिथे फोटो काढून लगेच उतरायचं असतं, आणि तेही दोन-तीन दिवसांची सवय झाल्यावर.

रस्त्याने जायचं तर श्रीनगर-सोनमर्ग-कारगिल ही वाट बरी. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर, कारगिल सुमारे २,७०० वर, म्हणजे पायऱ्या पडतात. मनालीकडून जाणारे मात्र बऱ्याचदा पहिलीच रात्र सरचूला काढतात. मनाली दोन हजारांच्या थोडं वर, सरचू ४,२००च्याही वर. तिथली रात्र अनेकांना नको होते. 'सुट्टी वाचते' या वाक्याचा मला खरंच राग येतो. मुंबईतल्या चाकरमान्याला गणपतीची सुट्टी सोडली तर वर्षात फार काही उरत नाही, हे मला माहीत आहे. पण रजा आठ दिवसांची असेल तर आठ दिवसांत बसणारा, कमी उंचीचा ट्रेक निवडावा. उत्तराखंडात, हिमाचलात असे भरपूर आहेत.

कापराबद्दल. वास घेतल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. आणि कापूर पोटात गेला तर विषबाधा होते, झटके येतात, त्यामुळे लहान मुलं बरोबर असतील तर ती पुरचुंडी घरीच देव्हाऱ्यात राहू द्या. ऑक्सिजनचा छोटा कॅन दहा लिटरचा धरा. मिनिटाला दोन लिटरने घेतला तर पाच मिनिटांत संपला. पाच मिनिटांनी माणूस त्याच उंचीवर, त्याच अवस्थेत, फक्त आता 'बरं वाटतंय' या समजुतीने आणखी वर जायला तयार. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही तसंच. लेहमध्ये धडधाकट माणसाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ८५-९० टक्के दिसू शकतो. आकड्यावरून घाबरायचंही नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. माणूस जेवतोय का, नीट बोलतोय का, सरळ चालतोय का, हे आधी बघायचं.

डायमॉक्स, म्हणजे असिटाझोलामाइड, किडनीतूनच काम करतं, यावरून 'किडनी जाते' ही अफवा निघाली असावी. ते लघवीवाटे रक्तातला क्षार काढून टाकतं, त्यामुळे श्वास आपोआप वाढतो, विशेषतः झोपेत. म्हणजे शरीर जे सावकाश करणारच असतं, ते जरा लवकर होतं. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून, असं डॉक्टर देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोड्याची चव बिघडते. निरोगी माणसाने थोडे दिवस घेऊन किडनी खराब होत नाही. ज्यांना सल्फाची ॲलर्जी आहे, किडनीचा किंवा लिव्हरचा आजार आहे, गरोदरपण आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये. बाकीच्यांनीही विचारूनच घ्यावं. मात्र गोळी घेतली म्हणून पायऱ्या गाळता येत नाहीत. आणि लक्षणं वाढत असताना गोळी घेऊन वर जाणं हा तर सरळ आत्मघात. स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, खोकला येत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर फुप्फुसात पाणी होतंय असं समजा आणि लगेच खाली न्या. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री होतं.

आता 'पावलापावलावर जवान'. २२ एप्रिल २०२५ला पहलगामजवळच्या बैसरन कुरणात दहशतवादी हल्ल्यात २६ माणसं मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्राची होती, डोंबिवलीची, पुण्याची, पनवेलची. घोडा चालवणारा एक स्थानिक तरुणही गेला. त्या कुरणापर्यंत गाडी जात नाही, पायी किंवा घोड्यावरून जावं लागतं, आणि हल्ला झाला त्या वेळी तिथे बंदोबस्त नव्हता. त्यानंतर काश्मीर खोऱ्यातली ४८ पर्यटनस्थळं बंद केली गेली. ७ मेला भारत-पाकिस्तान संघर्ष पेटल्यावर श्रीनगर, लेह धरून उत्तरेतले अनेक विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीला बंद होते. २४ सप्टेंबर २०२५ला, एरवी शांत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेहमध्ये आंदोलन पेटलं, चार माणसं मेली, संचारबंदी लागली, मोबाइल इंटरनेट बंद झालं. थोडं मागे जा: २ ऑगस्ट २०१९ला अमरनाथचे यात्रेकरू आणि पर्यटक यांना खोरं सोडायला सांगितलं, आणि तिथली साधी पोस्टपेड मोबाइल सेवा परत यायला १४ ऑक्टोबर उजाडला. या बातम्या टीव्हीने फुगवलेल्या नाहीत.

यावरून 'काश्मीर-लडाखला जाऊच नका' असंही मी म्हणणार नाही. तिथली कितीतरी घरं पर्यटनावर चालतात आणि पाहुण्याला सांभाळून घेणारी माणसं तिथे भरपूर आहेत. मेसेजची खरी चूक अशी की तो उंची आणि अशांतता हे दोन वेगळे विषय धरतो. तिथे ते एकमेकांत अडकतात. उंचीच्या आजारावर खाली उतरणं हाच उपाय. पण संचारबंदी लागली, रस्ता अडवला, विमानं थांबली तर खाली कसे उतरणार? आणि घाईचा कार्यक्रम असलेला माणूस दोन्हीकडून सापडतो. शरीराला सवय झालेली नसताना रस्ता बंद होतो, किंवा रस्ता उघडल्यावर वाया गेलेले दिवस भरून काढायला तो दोन मुक्काम एका दिवसात करतो. दुसरा प्रकार जास्त घडतो.

म्हणून तयारी करायची ती दोन्हींना पुरेल अशी. कार्यक्रमात किमान दोन-तीन दिवस मोकळे ठेवा आणि परतीचं तिकीट बदलता येणारं काढा. प्रत्येक मुक्कामाहून खाली जायची सगळ्यात जवळची वाट कोणती आणि ती कुठल्या गावात उतरते, हे निघण्याआधी कागदावर लिहा. निघण्याच्या आदल्या आठवड्यात तिथल्या जिल्हा प्रशासनाच्या सूचना बघा. ट्रेकवाल्या कंपनीच्या 'सगळं ओके आहे'वर थांबू नका, ज्या गावातून चालायला सुरुवात आहे तिथल्या होमस्टेवाल्याला फोन करा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, निदान दोघांकडे पोस्टपेड हवं, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं. सोनमर्गहून विशनसर-गडसर-गंगाबल या तलावांकडे जाणाऱ्या वाटेवर लष्कराच्या चौक्यांवर ओळखपत्र बघतात, मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. चौकीचे, पुलांचे फोटो काढू नका. ड्रोन घरी ठेवा. पैसे रोख ठेवा, नेट गेलं की यूपीआय गेलं.

घरीसुद्धा एकाला जबाबदारी द्या. खेडला, गुहागरला आईला तीन दिवस फोन लागला नाही की तिचा जीव जातो, मग ती दहा जणांना फोन करते आणि भलत्याच बातम्या पसरतात. कुठल्या दिवशी रेंज नसेल, कितव्या दिवसापर्यंत वाट बघायची, त्यानंतर कुठल्या पोलीस ठाण्याला कळवायचं, हे त्या एका माणसाकडे लिहून द्यावं. बाकीच्यांनी त्यालाच विचारावं.

मेसेजच्या शेवटी कुणीतरी जोडलंय, 'सॅटेलाइट फोन मागवून घ्या.' अजिबात नको. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं भारतात गुन्हा आहे, उपग्रहावरून निरोप पाठवणारी छोटी यंत्रंही त्यातच येतात. सीमेजवळ ते सापडलं तर ट्रेक राहील बाजूला.

विम्याचं एवढंच सांगतो: पॉलिसीत किती मीटरपर्यंत संरक्षण आहे आणि दंगल-युद्ध वगळलंय का, ही दोन वाक्यं शोधून वाचा. अनेक पॉलिसींत दोन्हीकडे कात्री लावलेली असते.

आणि गाईड. 'गुगल मॅप आहे ना' म्हणणाऱ्याला हे सांगा: आपण खाडी उतरताना भरतीची वेळ बघतो, तसा तिथे ओढा ओलांडताना घड्याळ बघतात. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी कमरेला येतं. मॅपवर तो ओढा दिवसभर सारखाच निळा दिसतो. आदल्या रात्री वर पाऊस झाला असेल तर तिथला घोडेवाला पाण्याच्या रंगावरून 'आज नको' म्हणतो. खाली गावात काही बिनसलं असेल तर मेंढपाळांकडून त्यालाच ते आधी कळतं. त्याची मजुरी घासाघीस न करता द्या आणि तो थांबा म्हणाला की थांबा.