तीन महिन्यांचा प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मूत्रपिंडातील रक्तवाहिन्यांचा दाह आणि त्यावरील उपचार या विषयावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : मी घाबरून स्टिरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या वाटेला गेले, ‘तीन महिने पथ्यावर राहून पाहिले असते तर काय बिघडले असते?’, दुष्परिणाम मी लपवले, खर्चाबद्दल अवाक्षर काढले नाही, आणि एकंदर लेख औषध कंपन्यांच्या जाहिरातीसारखा वाटतो. आपल्या चुलत्यांचे मूत्रपिंडाचे दुखणे केवळ आहार सांभाळून बरे झाले, असा दाखलाही आपण दिला आहे.

मतभेदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘घाबरलेल्या बायका डॉक्टर देतील ते गिळतात’ या वाक्याला. हे लिहिताना समोरची व्यक्ती या आजारासह वर्षानुवर्षे जगते आहे, स्वतःच्या बायोप्सीचा अहवाल ओळ न् ओळ समजून घेते आहे आणि प्रत्येक औषधाबद्दल डॉक्टरांना प्रश्न विचारल्याशिवाय सही करत नाही, अशी शक्यतासुद्धा आपल्या मनात आली नाही. एखाद्या पुरुष रुग्णाने हाच लेख लिहिला असता तर आपण हेच शब्द वापरले असते का, याचा आपण विचार करावा.

आपली एक सूचना मात्र रास्त आहे. रिटुक्सिमॅब हे या आजारावरचे आणखी एक औषध देण्यापूर्वी हेपटायटिस बीची तपासणी करावीच लागते, कारण शरीरात दबून राहिलेला तो विषाणू या औषधामुळे पुन्हा उसळू शकतो. तो उल्लेख मी लेखात घातला आहे.

आता तीन महिन्यांविषयी. ॲन्का व्हॅस्क्युलायटिसमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या माझ्या या आजारात, शरीर आपल्याच पांढऱ्या पेशींमधील पीआर३ किंवा एमपीओ या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे (ॲन्का) तयार करते. त्यामुळे चेतवलेल्या त्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर तुटून पडतात. मूत्रपिंडाची प्रत्येक गाळणी म्हणजे अशाच केशवाहिन्यांचा गुच्छ असतो. भिंत फाटली की रक्तातील घटक गाळणीच्या आवरणात झिरपतात आणि तिथे पेशींची चंद्रकोरीच्या आकाराची दाटी होते, जिला डॉक्टर क्रेसेंट म्हणतात. ही दाटी पेशींची असते तोवर औषधांनी मागे हटू शकते. तिचे तंतुमय व्रणात रूपांतर झाले की ती गाळणी कायमची गेली; जगातले कोणतेही औषध ती परत आणत नाही आणि कोणतेही पथ्यही आणत नाही. हा बदल घडायला कित्येकदा काही आठवडे पुरतात. म्हणूनच क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळेनासे झाले की रक्तात साचणारा घटक) झपाट्याने चढत असेल आणि चित्र स्पष्ट असेल, तर बायोप्सीचा अहवाल हाती येण्याआधीच स्टिरॉइड सुरू केले जाते. आपण याला घाई म्हणता.

उपचाराविना काय होत असे, हेही नोंदलेले आहे. ॲन्का व्हॅस्क्युलायटिसच्या गटातील ज्या आजाराला आज जीपीए म्हणतात, त्याच्या रुग्णांचा आढावा ब्रिटनमधील वॉल्टन यांनी १९५८ साली प्रसिद्ध केला. त्यात रुग्णांचे सरासरी आयुष्य पाच महिने भरले आणि ८२ टक्के रुग्ण वर्षाच्या आत दगावले होते. पुढे १९८३ साली फाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ८५ रुग्णांचा अनुभव मांडला. सायक्लोफॉस्फामाइड आणि प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड यांच्या जोडीने ९३ टक्के रुग्णांचा आजार पूर्ण आटोक्यात आला होता. या दोन आकड्यांच्या मध्ये आपले ‘तीन महिने’ कुठे बसतात, ते आपणच सांगावे.

आणि थांबून पाहण्याचा प्रयोग व्हायचा राहिलेला नाही. तो माझ्यावर झालेला आहे. नाक सतत चोंदणे, रक्ताच्या खपल्या पडणे, सांधे धरणे हे सगळे सायनस आणि दगदग म्हणून कित्येक महिने काढले गेले. त्या काळात मी तेलकट, आंबट, थंड सगळे वर्ज्य केले होते, म्हणजे आपण सांगता ते पथ्यही झाले. लघवीची साधी तपासणी कोणी सांगितली नाही. ती झाली तेव्हा तीत रक्त आणि प्रथिने होती, आणि पुढच्या पंधरवड्यात क्रिएटिनिन १.४ वरून ३.६ वर गेले. बायोप्सीत काही क्रेसेंट ताजे होते, काही आधीच व्रण झालेले होते. ताजे होते ते उपचारांनी वाचले. आज माझे क्रिएटिनिन १.८ वर स्थिर आहे आणि ते त्याखाली येत नाही. तो फरक म्हणजे थांबण्यात गेलेल्या गाळण्या आहेत, आणि त्या माझ्या आहेत, आपल्या नव्हेत.

आपल्या चुलत्यांना नेमका कोणता आजार होता, हे आपण लिहिलेले नाही. मुतखडा, जंतुसंसर्ग, मधुमेहाचा परिणाम या सगळ्यांनाच आपल्याकडे मूत्रपिंडाचे दुखणे म्हणतात. ते बरे झाले याचा आनंद आहे. त्यावरून माझ्या आजाराचा निवाडा करू नये. मीठ कमी केल्याने रक्तदाब सांभाळला जातो आणि मीही ते करते, पण त्याने प्रतिपिंडे थांबत नाहीत.

दुष्परिणाम लपवल्याचा आरोप मला मान्य नाही. पहिल्या वर्षात आजारापेक्षा उपचारांच्या दुष्परिणामांनी, मुख्यतः संसर्गाने, अधिक रुग्ण दगावतात, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय पाहणीत दिसले. पण या वस्तुस्थितीचे उत्तर मात्रा विचारपूर्वक ठरवणे हे आहे, उपचार लांबवणे हे नाही. २०२० सालच्या पेक्सिव्हास चाचणीत ७०४ रुग्ण होते. स्टिरॉइडची मात्रा लवकर उतरवलेल्या गटात मृत्यू आणि मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण वाढले नाही आणि पहिल्या वर्षातले गंभीर संसर्ग कमी झाले. सरसकट प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तातील द्रवभाग काढून बदलणे) केल्याने ठोस फायदा होतो, असेही त्यात सिद्ध झाले नाही. औषधे कमी कशी करावीत, हे ती औषधे देणाऱ्यांनीच तपासून दाखवले आहे.

खर्च हा माझ्या लेखाचा विषय नव्हता. जाहिरातीच्या आरोपाबद्दल इतकेच, की सायक्लोफॉस्फामाइड हे कित्येक दशकांचे जुने, स्वस्त औषध आहे आणि भारतीय बनावटीचे रिटुक्सिमॅब २००७ पासून मिळते.

आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही. फक्त ‘स्टिरॉइड आजच बंद करा’ हे तिच्यातले शेवटचे वाक्य झाकले आहे. काही आठवड्यांहून अधिक काळ प्रेडनिसोलोन घेतलेल्या व्यक्तीच्या ॲड्रिनल ग्रंथी, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणाऱ्या ग्रंथी, मंदावलेल्या असू शकतात. गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हा लेख वाचणाऱ्यांमध्ये अशा गोळ्या घेणारे अनेक जण आहेत, त्यामुळे ते वाक्य इथे पुन्हा दिसणार नाही.