इशारा हवाय? आधी ओटीपी टाका

पावसाळा तोंडावर आला की शहाण्या माणसाने मोबाइलवर आपत्तीचे इशारे मिळावेत म्हणून नाव नोंदवावं. मी जूनमध्ये नोंदवलं. अनुभवाचे चार बोल सांगतो; नदीकाठच्या कोल्हापूरकरांनी तर लिहूनच घ्यावेत.

नोंदणीला बसताना पोटभर जेवून बसा. नाव, वडिलांचं नाव, आधार, पिनकोड, रक्तगट (का ते विचारू नका, बुडताना लागत असेल). मग आपला भाग निवडायचा. यादीत आमच्या मागची गल्ली आहे, पुढची आहे. मधली, 2019 ला आणि 2021 ला दोन्ही वेळा पाण्यात गेलेली, तेवढी नाही. मी मागची निवडली. मग ओटीपी. तो येईपर्यंत मुदत संपली. पुन्हा वडील, पुन्हा रक्तगट. तिसऱ्या खेपेला तीन ओटीपी एकदम आले. त्यातला खरा ओळखणं ही जागरूक नागरिकाची जबाबदारी. चौथ्यांदा 'अभिनंदन'!

त्यानंतर मेसेज नेमाने येतात. घरफाळा भरा, सवलत मिळवा. वृक्षारोपणाला या. सणाच्या हार्दिक शुभेच्छा.

रात्री फोन सायलेंटवर ठेवा. पाणी रात्रीच चढतं, पण झोपही महत्त्वाची.

गल्लीच्या ग्रुपवर 2019 चा व्हिडिओ 'आत्ताचा' म्हणून टाकत राहा. म्हाताऱ्यांना तेवढाच विरंगुळा.

आणि खरा इशारा? तो जुलैत एका संध्याकाळी आला. चिखलीहून दूध घालणारे मामा दारातूनच म्हणाले, "वैनी, उद्या दूध न्हाई. पाणी रस्त्यावर आलंय." बायकोने एकदाच माळ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी शिलाई मशीन वर चढवली, मग गाद्या, मग पिठाचा डबा. दुसऱ्या दिवशी अकरा चाळीसला मी गल्लीच्या तोंडाशी घोटाभर पाण्यात उभा असताना खिशात फोन थरथरला. 'काल सायंकाळी 5 पासून विसर्ग वाढवण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. अधिक माहितीसाठी लिंक उघडा.' उघडली. ओटीपी मागितला.

पुरे झाली गंमत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पाणी फूट-इंचात मोजलं जातं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, कुणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. ते पाणी शहरात पोचायला काही तास जातात, आणि तेच तास आमच्या कामाचे असतात. 2023 मध्ये दूरसंचार विभागाने मोबाइलवरच्या आपत्ती-इशाऱ्याची चाचणी घेतली तेव्हा टॉवरच्या टप्प्यातले फोन एकदम बोंबलले होते. नाव नाही, ओटीपी नाही, रक्तगट नाही. म्हणजे जमतं की! मग घरफाळ्याचा मेसेज वेळेवर आणि पाण्याचा अठरा तासांनी, हे कसं? अठरा तासांनी आलेल्या इशाऱ्याला आमच्याकडे बातमी म्हणतात.

ते जमत नसेल तर रिक्षावर भोंगा लावून एक माणूस फिरवा. शिलाई मशीन चढवायला वीस मिनिटं लागतात. अंथरुणाला खिळलेल्या आईला जिन्याने वर न्यायला त्याहून जास्त. तेवढा वेळ द्या आम्हाला. शुभेच्छा तुमच्याकडेच ठेवा.