‘भाव खाण्यासाठी केलेली यादी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया वाचली. उत्तर लांबणार, म्हणून खाली दोन ओळी न लिहिता स्वतंत्रच देतोय. इतर वाचकांसाठी आपण काय म्हणालात ते आधी सांगतो. पियानो वाजवत गाणाऱ्या इंग्लंडच्या एल्टन जॉनच्या सर्वोत्तम अल्बमांच्या माझ्या यादीत पहिला ‘टम्बलवीड कनेक्शन’, दुसरा ‘कॅप्टन फँटॅस्टिक’ आणि ‘गुडबाय यलो ब्रिक रोड’ तिसरा आहे. त्यावर आपण लिहिलंत: “एकही हिट गाणं नसलेला अल्बम पहिला? साहेब, असली यादी गाणी ऐकण्यासाठी नसते, चारचौघांत भाव खाण्यासाठी असते.” पुढे आपले आणखी तीन मुद्दे आहेत: 1976 नंतरचं काहीच घेतलं नाही, ‘17-11-70’ हा लाइव्ह अल्बम वगळला आणि क्रम कोणत्या निकषावर लावला ते सांगितलं नाही.

मतभेद असायला माझी काहीच हरकत नाही. या यादीवर मला सगळ्यांच्या माना डोलायला नकोच आहेत. पण मी काय ऐकतो यावर न बोलता मी कशासाठी ऐकतो हे आपण परस्पर ठरवून टाकलंत. आपली-माझी ओळख नाही, आपण नावही दिलेलं नाही, आणि थेट ‘भाव खाणं’! वर ते ‘साहेब’. हा शब्द आदराने लिहिलेला नाही, हे कळण्याइतकं मराठी मलाही येतं.

भाव खाण्याचंच निघालंय तर सांगतो. माझं लहानपण रत्नागिरीत गेलं. थोरला भाऊ बोटीवर होता. सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेतून कॅसेटी निघायच्या, त्यात ‘टम्बलवीड’ आणि ‘यलो ब्रिक रोड’ दोन्ही होत्या. आमच्या आळीत एल्टन जॉन हे नाव ऐकलेला दुसरा माणूस नव्हता. वडील भजनाला पेटी वाजवायचे, ते झोपले की मी त्याच पेटीवर ही गाणी शोधत बसायचो. उजव्या हाताने चाल सापडायची, पण डावा हात भात्याला अडकलेला. पियानोवर एल्टनचा डावा हात जे करतो ते पेटीवर कुठून येणार? अर्धं गाणं कायम हवेतच राहायचं. पुढे मुंबईत एका ओळखीच्यांच्या घरी पियानोवर बसायला मिळालं, आणि पहिल्यांदा दोन्ही हातांनी जे वाजवायचा प्रयत्न केला ते ‘टम्बलवीड’मधलं ‘टॉकिंग ओल्ड सोल्जर्स’ होतं. ‘यलो ब्रिक रोड’मधलं एकही नाही. तेव्हा कोणापुढे भाव खात होतो मी?

त्या गाण्यात फक्त पियानो आणि आवाज आहे. ड्रम नाहीत, गिटार नाही. गुत्त्यात बसलेला एक म्हातारा सैनिक कोणा तरुणाला आपल्या गेलेल्या मित्रांबद्दल सांगतोय. डावा हात खर्जात सावकाश पडत राहतो, मधे थांबतो, म्हातारा बोलता बोलता थांबावा तसा, आणि आवाज चढतो तेव्हाच पियानोही अंगावर येतो. शब्द लिहिणारा बर्नी टॉपिन तेव्हा विशीचाही नव्हता आणि गाणारा बाविशी-तेविशीतला. पियानो वाजवणाऱ्या गायकाचा सर्वोत्तम अल्बम शोधायचा तर मी हे गाणं सोडून कुठे बघू? हिट झालं नाही म्हणून?

आता हिटबद्दल. ‘टम्बलवीड’मध्ये हिट नाही, कारण इंग्लंड-अमेरिकेत त्यातलं एकही गाणं सिंगल म्हणून, म्हणजे सुट्ट्या तबकडीवर, काढलंच नाही. तरी 1970 च्या ऑक्टोबरात आलेला हा अल्बम इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि अमेरिकेत पाचव्या. रेडिओवर सतत वाजणाऱ्या गाण्याचा टेकू नसताना लोकांनी तो अख्खा विकत घेतला. ही गोष्ट माझ्या बाजूची आहे, आपल्या नाही.

हा अल्बम एका अमेरिकेबद्दल आहे जी या दोघांनी तोवर पाहिलीही नव्हती. टॉपिन लिंकनशायरचा, एल्टन लंडनजवळच्या पिनरचा. ‘द बँड’ या रॉक गटाचा ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’ हा अल्बम ऐकून दोघे भारावलेले. रेकॉर्डिंग 1970 च्या मार्चमध्ये लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत झालं आणि एल्टन अमेरिकेत पहिल्यांदा गायला तो त्या ऑगस्टमध्ये, लॉस एंजेलिसच्या ट्रुबाडूर क्लबात. मुखपृष्ठावरचं ते जुनाट स्टेशन बघून कोणालाही वाटेल की अमेरिकेतलं एखादं आडगाव असावं. ते ससेक्समधल्या ब्लूबेल रेल्वेचं हॉर्स्टेड कीन्स स्टेशन आहे. ऐकून-वाचून मनात उभा केलेला देश, आणि त्यातून ‘माय फादर्स गन’सारखं यादवी युद्धाचं गाणं. रत्नागिरीत बसून इंग्लंड-अमेरिका कल्पनेने उभी करणाऱ्या पोराला ते का भिडलं, हे मी आपल्याला समजावत बसावं का?

आणि ‘बर्न डाउन द मिशन’. सहा मिनिटांहून थोडं मोठं गाणं. सुरुवातीला फक्त पियानो आणि आवाज, गरिबीने पिचलेल्या वस्तीचं वर्णन. मग लय एकदम दुप्पट होते आणि पॉल बकमास्टरने लिहिलेली तंतुवाद्यं आणि पितळी वाद्यं तुटून पडतात. पुन्हा सगळं खाली येतं. माणसाला पकडून नेतात तो प्रसंग एल्टन जवळजवळ कुजबुजत सांगतो आणि शेवटी परत तो वणवा. मधे स्वर कुठून कुठे सरकतात ते पियानोवर बसल्याशिवाय नीट कळत नाही. ‘कम डाउन इन टाइम’ तर पियानोवर उभंच नाही, ते हार्प आणि ओबोवर आहे. हार्प वाजवलीय स्काइला कांगा यांनी. (क्रिकेटच्या कांगा लीगच्या मुंबईत हे आडनाव वाचून मी अल्बमचं कव्हर परत परत बघितलं होतं.) असला अल्बम पहिल्या नंबरवर ठेवायला धाडस लागत नाही, भाव खाण्याची हौसही लागत नाही. कान लागतात.

‘यलो ब्रिक रोड’ला मी खाली ढकललं असं जे चित्र आपण उभं केलंत तेही बरोबर नाही. मी त्याला तिसरा क्रमांक दिलाय. तिसरा! अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेला अल्बम आहे तो, सुरुवातीची ती अकरा मिनिटं कोणाच्याही अंगावर काटा आणतील. पण सतरा गाणी, दोन तबकड्या, आणि ‘जमैका जर्क-ऑफ’पाशी मी प्रत्येक वेळी उठतो. ‘टम्बलवीड’मध्ये उठायला जागा नाही. ‘कॅप्टन फँटॅस्टिक’मध्येही नाही. त्यातून सिंगल म्हणून निघालं तेवढं एकच गाणं, तेही पावणेसात मिनिटांचं, आणि तरी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालेला तो पहिला अल्बम. म्हणजे हिटांची मोजदाद करून आपण कुठेच पोचत नाही.

बाकीचे मुद्दे. 1976 नंतरच्या काळाबद्दल आपलं म्हणणं थोडंफार मान्य. 1983 च्या ‘टू लो फॉर झीरो’वर चार ओळी लिहायला हरकत नव्हती. 1976 च्या ‘ब्लू मूव्हज’नंतर पुन्हा सगळे शब्द टॉपिनचे, जॉनस्टन, मरे, ओल्सन हे त्याचे जुने साथीदार वादक परत एकत्र, आणि ‘आय गेस दॅट्स व्हाय दे कॉल इट द ब्लूज’मध्ये स्टीव्ही वंडरचा हार्मोनिका. चांगला अल्बम आहे. पहिल्या पाचांत तो बसत नाही, एवढंच.

लाइव्ह अल्बम: यादी स्टुडिओ अल्बमांची होती. पण ‘17-11-70’ ऐकाच. त्यात ‘बर्न डाउन द मिशन’ अठरा मिनिटांच्या आसपास चालतं, फक्त पियानो, बेस आणि ड्रमवर. आपण सुचवलेला अल्बमसुद्धा माझ्याच पहिल्या क्रमांकाची बाजू घेतो.

निकष: मी इतकी वर्षं हे ऐकतोय, त्यातून जे उरलं ते लिहिलं. गुणपत्रिका मांडणं मला जमत नाही आणि मांडायचीही नाही.

‘टॉकिंग ओल्ड सोल्जर्स’ हेडफोन लावून एकदा शेवटपर्यंत ऐका. मग त्या गाण्याबद्दल काय वाटलं ते लिहा, कडक लिहिलंत तरी चालेल, मी उत्तर देईन. पुन्हा ‘साहेब’ आणि ‘भाव’च येणार असेल तर मात्र माझ्याकडून हे इथेच थांबवतो.