जपान २०२२ मध्ये अचानक बदललेला नाही

‘युक्रेन युद्धामुळे जपानने २०२२ मध्ये शांततावाद सोडला’ हे जपानच्या संरक्षण धोरणावरच्या लेखातलं विधान पटलं नाही. त्या डिसेंबरचा निर्णय मोठा होता, मान्य. संरक्षण खर्च जीडीपीच्या २ टक्क्यांपर्यंत नेणं आणि शत्रूच्या तळांवर उलट मारा करणारी क्षेपणास्त्रं घेणं ही लहान गोष्ट नाही. पण खरा धक्का बसला तो १९९१च्या आखाती युद्धात. राज्यघटनेच्या नवव्या, युद्धाचा त्याग करणाऱ्या कलमामुळे जपानने लढायला माणसं पाठवली नाहीत, पैसे मात्र जवळपास १३ अब्ज डॉलर मोजले. युद्धानंतर कुवेतने अमेरिकी वर्तमानपत्रांत आभाराची जाहिरात दिली, तीत जपानचं नावच नव्हतं! ती बोच जपानच्या परराष्ट्र खात्याच्या मनातून कधी गेलीच नाही. त्याच वर्षी सुरुंग काढणारी जहाजं आखातात गेली, १९९२ मध्ये शांतिसेनेत सहभागाचा कायदा झाला आणि जपानी तुकडी कंबोडियात पोहोचली. २०१४ मध्ये पंतप्रधान आबेंच्या मंत्रिमंडळाने नवव्या कलमाचं अक्षरही न बदलता त्याचा अर्थ बदलला: मित्रदेशावर हल्ला झाला तरी काही परिस्थितीत लढता येईल असा. २०२२ मधले पंतप्रधान किशिदा यांना रस्ता बराचसा तयारच मिळाला.

आणखी एक. लेखाचा सगळा भर पैसा आणि शस्त्रांवर आहे. पण माणसं कुठून आणणार? स्वसंरक्षण दलात, म्हणजे जपानच्या सैन्यात, जागा रिकाम्या पडल्यात, तरुणांची संख्या घटतेय. मी जपानमध्ये नोकरीला होतो तेव्हा सहकाऱ्यांकडे विषय काढला की सूर साधारण असाच असायचा: दल हवं, भूकंप-पुरात तर हवंच, पण आमच्या मुलाने त्यात जायला नको.