बासपेक्षा शब्द महत्त्वाचे
हेडफोनचा इक्वलायझर (जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) म्हणजे बास, म्हणजे जाड सूर, वाढवायची सोय, असं तुमच्या लेखात म्हटलंय. मला पटलं नाही. माझे वडील धुळ्याकडे तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये (सरकी वेगळी करायच्या कारखान्यात) होते. यंत्रांच्या गोंगाटाने कान जातात ते बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक सुरांना, आधी. त्यामुळे त्यांना आवाज यायचा, पण ‘स’, ‘श’ निसटायचे, शब्दच लागायचे नाहीत. हेडफोनच्या ॲपमधली चाचणी घेऊन दोन्ही कानांचं इक्वलायझर सेटिंग वेगवेगळं केलं (डावा जास्त अधू निघाला). परवा अहिराणी गाणं ऐकताना म्हणाले, “आते समजी ऱ्हायनं रे भाऊ!” मला भरून आलं. मात्र सरसकट आवाज वाढवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलला आठवड्यात जास्तीत जास्त ४० तासच ऐकावं. आणि कानाच्या डॉक्टरांना आधी दाखवा.