दुसरा सिलिंडर

आमच्या कोथरूडच्या घरी नेट जातं ते नेमकं मी मीटिंगमध्ये तोंड उघडल्यावर. साहेबांच्या पडद्यावर माझा आ वासलेला चेहरा गोठून राहतो आणि इकडे मी पाच मिनिटं भिंतीला तिमाहीचे आकडे समजावत असतो. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा दुसरी लाईन घ्यायचं ठरवलं. आईला फार सांगावं लागलं नाही.

"म्हणजे दुसरा सिलिंडर," ती म्हणाली.

अगदी तसंच. फक्त हा आपोआप लागायला हवा. पोळी तव्यावर असताना कुणी रेग्युलेटरशी झटापट करायची नाही.

दोन लाईन घेणारा राउटर आणला. फायबर पहिल्या पोर्टात, सिमकार्डवाला डबा दुसऱ्यात. फायबरच्या रूटला, म्हणजे वाटेला, डिस्टन्स १, सिमच्या रूटला २. इथे लहान आकड्याचा मान मोठा, एवढं कळलं की झालं. गेटवे म्हणजे घरातून नेटकडे जायचं पहिलं दार; 'चेक गेटवे'समोर 'पिंग' निवडलं. आता राउटर दर १० सेकंदांनी पलीकडच्याला हाक मारणार, दोनदा ओ आली नाही की सिमवर उडी. परीक्षा म्हणून वायर उपटली. सिम लागलं. माझी कॉलर ताठ.

दोनच दिवसांत रस्ता खणणाऱ्या जेसीबीने फायबर तोडली आणि राउटर ढिम्म. कारण त्याचा गेटवे म्हणजे कपाटावर बसलेला फायबरचा पांढरा डबा. राउटर विचारतो, "आहेस का?" डबा म्हणतो, "आहे की!" रस्त्यावर काय झालंय ते ना याने विचारलं, ना त्याने सांगितलं. आमचा वॉचमनही असाच, खुर्चीवरून न उठता "सब ठीक है" म्हणतो.

मग राउटरला लांबची चौकशी करायला लावली. ८.८.८.८, म्हणजे गूगलचा डीएनएस सर्व्हर, वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणारा. रात्री साडेअकराला डब्यातून फायबरची पिवळी दोरी काढली. डबा जिवंत, नेट मेलेलं. आणि राउटर सिमवर गेला! बायकोला उठवून दाखवलं. तिने एक डोळा उघडेपर्यंत स्वारी परत फायबरवर. मग सिमवर. पुन्हा फायबरवर. सासर-माहेर, सासर-माहेर. बायको कूस बदलून झोपली.

झालं होतं असं, की सिमवर जाताच ८.८.८.८ची चौकशीही सिमवरूनच व्हायची, तिकडून खुशाली यायची आणि राउटरला वाटायचं, फायबर बरी झाली. एक वाजता उपाय सापडला: ८.८.८.८ला फक्त फायबरनेच जायचं, असा वेगळा रूट लिहून टाकला. फायबर मेली तर चौकशीही वाटेतच मरू दे, पण ती सिमच्या वाटेला जाता कामा नये.

त्यानंतर नेट म्हणून गेलं नाही. मी ऑफिसात दोघा-तिघांना फुकट सल्लेही दिले. संध्याकाळी जरा रांगायचं, त्याचं खापर मी पावसावर फोडलं.

आणि एका सोमवारी सगळंच ठप्प. सिमच्या पॅकची २८ दिवसांची मुदत संपलेली. लाईन बघायला पोरगा आला, मोबाईलमध्ये काहीतरी पाहून म्हणाला, "काका, तुमची फायबर अकरा दिवस बंद आहे. कंप्लेंट का नाही टाकली?"

काय सांगणार? राउटर इतक्या गुपचूप सिमवर गेला होता की घरात कुणाला पत्ता नाही. लाईन पडली की मेल पाठवायची सोय त्यात होती. ती मी 'नंतर बघू'मध्ये ठेवली होती.

"दुसरा सिलिंडर लावला की त्याच दिवशी नंबर लावायचा असतो," आई आतून म्हणाली.

पोराने कपाटावरचं गणपतीचं मखर बाजूला सरकवलं. मागे डब्यावर एलओएसचा, म्हणजे फायबरचा सिग्नल हरवल्याचा, लाल दिवा लुकलुकत होता.

"हा होय?" आई पदराला हात पुसत बाहेर आली. "हा तर रोज दिसतो. मला वाटलं, मखराची माळ चालू राहिलीय."